विळ्याभोपळ्याचं सख्य

ऑफिसमध्ये फेकाफेकी केल्याचे परिणाम काय होतात, याचा मला गेल्या डिसेंबरात सॉलिड अनुभव आला. आमच्या फ्लोअरवर पॉटलक ठरलं होतं. एक एक्सेल शीट फिरत होती, त्यात आपलं नाव आणि समोर पदार्थ लिहायचा. ती माझ्यापर्यंत येईपर्यंत ढोकळा, पास्ता, पनीर टिक्का असं सगळं भरून झालेलं. टीम लीडच्या नावासमोर दरवर्षीप्रमाणे 'पेपर प्लेट्स'. आणि माझ्या बरोब्बर वरच्या ओळीत शेजारच्या डेस्कवालीने लिहिलं होतं, 'रेड वेल्वेट'. आता रेड वेल्वेटच्या खाली 'इडली-चटणी' कोण लिहिणार? आदल्या रात्री झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर कुठल्याशा अमेरिकन बाईंचा भोपळा-अक्रोडाचा केक बघितला होता. तोच दिला ठोकून. 'पम्पकिन वॉलनट केक, होममेड.'

पाच मिनिटांत ग्रुपवर चार हार्ट आणि एक 'वॉव'. परतीचे दोर कापले गेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? करायचा केक. खरंय. ओटीजी घरात आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अख्ख्या देशाने बनाना ब्रेड केला त्यात मीही होते. त्यानंतर त्या ओटीजीत आमच्याकडे तवे ठेवले जातात, एवढंच. अक्रोड विकत मिळतात. आणि भोपळा तर घरातच होता. चांगला सहा किलोचा, दिवाणाखाली, गोणपाटावर.

प्रॉब्लेम असा, की तो कापायला घरात कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं म्हणजे, मी होते आणि आई होती.

दरवर्षी दिवाळी झाली की रोह्याजवळच्या गावाहून काका भोपळा पाठवतात. घरामागच्या वेलाचा. दिवा-रोहा मेमूने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो निघतो आणि आम्ही पनवेल स्टेशनवर जाऊन उतरवून घेतो. पनवेलला राहण्याचे जे मोजके फायदे आहेत (सकाळच्या ठाणे लोकलला हमखास सीट, हा पहिला) त्यातला हा दुसरा. कोकणातून मुंबईकडे निघालेली कुठलीही चांगली वस्तू आधी आमच्या दारात येते. २०२५च्या ऑक्टोबरात शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन होऊन गेलं, तरी दादरच्या लोकांना पनवेल म्हणजे अजून 'बापरे, एवढ्या लांब?' वाटू दे. भोपळे आम्हाला मिळतात.

तर, भोपळा आला की आमच्याकडे एक सोहळा असायचा. बाबा शर्टाच्या बाह्या वर करणार, माळ्यावरून कोयता काढणार, फरशीवर जुना पेपर अंथरणार, भोपळ्याला म्हशीला थोपटावं तसं दोनदा थोपटणार आणि एक घाव घालणार. एकच. भोपळा चिरला, की कोयता आईच्या हातात आणि बाबा परत चहाकडे. पुढचं सगळं, म्हणजे फोडी करा, बिया काढा, साल काढा, किसा, अर्धा भोपळा शेजारपाजारी वाटा, हे आईचं. पण पहिला घाव बाबांचा. अख्खा भोपळा बाईमाणसाने कापायचा नाही.

तुमच्याकडेही असेल हा नियम. असेल काय, असणारच. तुम्हाला माहीत नसेल, कारण तुमचा भोपळा पाव किलोच्या फोडीत, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून येतो. आजीला विचारून बघा. का, असं विचारलंत तर प्रत्येक आजी वेगळं कारण देईल. मुलाला बाधतं. घराला बरं नाही. मला त्यातल्या त्यात पटलेलं कारण कोहळ्याचं आहे. वास्तुशांतीला, दसऱ्याला, नवीन दुकान उघडताना कोहळ्याला कुंकू लावून तो कापतात, तो बळीच्या ऐवजी. म्हणजे तो कापणं हे एका अर्थी मारणं. आणि मारण्याचं खातं पुरुषांकडे. काही घरांत बायका नारळसुद्धा फोडत नाहीत तो याच हिशेबाने. ठीक आहे. बाबा होते तोवर आम्हाला यातलं काही टोचलं नव्हतं. उलट, लहानपणी मला तो घाव बघायला जाम आवडायचं.

बाबा २०२२च्या पावसाळ्यात गेले. त्या वर्षी काकांनी भोपळा पाठवला नाही. २०२३ला पाठवला, तो आईने बिल्डिंगच्या वॉचमनकडून चिरून घेतला. वॉचमनकाका संकोचून दारात उभे, हातात आमचाच कोयता, आणि आई म्हणतेय, 'फक्त एक खाच पाडून द्या हो.' मग ते वॉचमनकाका गावी परत गेले. त्यांच्या जागी सिक्युरिटी एजन्सीची पोरं आली, दर महिन्याला नवीन. २०२४चा भोपळा दिवाणाखाली राहिला. अख्खा भोपळा दोन-तीन महिने आरामात टिकतो, त्यामुळे 'बघू, कुणी आलं की' म्हणायला भरपूर वेळ मिळतो. फेब्रुवारीत एकदा घरात वास सुटला. खालून काळा पडून पाणी सुटलं होतं त्याला. आईने सकाळी माझ्या आधी उठून तो दोन पिशव्यांत घातला, खाली नेऊन टाकला, फरशी पुसली. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही.

हे मी सांगतेय ती बाई कोण, हेही सांगते. माझी आई तीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी करून रिटायर झालीये. पनवेलच्या पावसात, उड्डाणपुलाखालच्या खड्ड्यांतून स्कूटी चालवते. सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टरला तिच्या फोनची भीती वाटते. बाबांच्या पश्चात बँक, विमा, वारस नोंदणी, सगळे कागद तिने एकटीने केले. ही बाई भोपळ्याला घाबरत होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. तशी ती घाबरत नव्हतीच. ती नुसती थांबली होती.

आणि मी? मला कोणी अडवलं होतं का? नाही. मी एकदाही म्हटलं नाही, की आण इकडे, मी कापते. मला वाटायचं, आईला वाईट वाटेल. बाबांची जागा घेतल्यासारखं काहीतरी. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते समजूतदारपणासारखं दिसायला लागलं.

तेव्हा पॉटलकच्या आदल्या रविवारी सकाळी मी काय केलं असेल? घरात सहा किलोचा भोपळा असताना उरण नाक्याच्या मार्केटमध्ये जाऊन अर्धा किलोची चिरलेली फोड विकत आणली. भाजीवालीने विचारलं, 'घारगे?' मी म्हटलं, 'केक.' तिने वीस रुपये परत देताना माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

पहिल्या केकची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती दुःखद आहे. अमेरिकन बाई सांगतात, 'एक डबा पम्पकिन प्युरे घ्या.' आपल्याकडे डबा कुठला? मी फोडी कुकरला लावल्या, खाली पाणी, तीन शिट्ट्या, मिक्सरमध्ये फिरवल्या. रंग काय सुरेख आला होता, अगदी झेंडूसारखा. तो सगळा गर मैद्यात ओतला. ओव्हनमध्ये केक पंधरा मिनिटांत टम्म फुगला. मी कौतुकाने दार उघडून फोटो काढला. पुढच्या दहा मिनिटांत तो मध्ये खचला आणि पुन्हा काही वर आला नाही. पाऊण तासाने बाहेर काढला तेव्हा कडेला केक होता, मध्ये खळगा होता आणि खळग्यात शिरा होता.

आई दारात उभी राहून बघत होती. तिने बोटाने जरासा शिरा उचलला, चाखला आणि विचारलं, 'भोपळा शिजवताना पाणी घातलंस?'

'कुकरला घालतातच ना.'

'घारग्यांना मी कधी पाणी घालते का गं?'

तर मंडळी, केकचा सगळा फंडा या एका प्रश्नात आहे. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वर आपण वाफेचं घालतो. अमेरिकेतला डब्यातला गर शिजवून, घट्ट करून भरलेला असतो, म्हणून त्यांचं माप त्यांना चालतं. आपण आपला पाणचट गर त्याच मापाने घेतला, तर पिठाला इतकं पाणी मिळतं की ते सेट व्हायच्या आत सोड्याचा गॅस फुगून निघूनही जातो. मग केक बसणार नाही तर काय करणार? त्यात मी दार उघडून गार हवा दिली, ते वेगळंच.

घारग्यांमध्ये हे गणित आपल्या बायकांनी केव्हाच सोडवून ठेवलंय. भोपळा किसायचा, तुपावर परतायचा, त्यात गूळ घालायचा, आणि तो स्वतःच्याच पाण्यात शिजून आटला, की त्यात मावेल तेवढंच पीठ. वरून पाण्याचा थेंब नाही. पीठ किती, हे भोपळा ठरवतो. आईच्या जुन्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली आहेत आणि आईने शेजारी पेन्सिलीने आपली मापं लिहून ठेवली आहेत, पण घारग्यांचं माप तिने कुठेच लिहिलेलं नाही. ते तिच्या बोटांत आहे.

'आणि केक म्हणजे काय तुमच्या यूट्यूबने शोधला का?' आई आता फॉर्मात आली होती. तिच्या आजोळी तवशाचं धोंडस व्हायचं. तवसं म्हणजे ती मोठी पिकलेली काकडी. तिचा कीस, तांदळाच्या कण्या नाहीतर रवा, गूळ, खोबरं. पातेल्यात घालून खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे. खालून-वरून शेक. ओटीजीमध्ये दोन्ही रॉड लावतो तेच. आणि ती लहान असताना पनवेलला दिवाळीआधी नानकटाई घरी भाजायचीच नाहीत. मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं, तिथेच मळायचं, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि आपल्या ट्रेवर खूण करून भट्टीत द्यायचे. मग बाहेर बाकड्यावर बसून राहायचं, आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. तीन वर्षांत आई खाण्याविषयी एवढं बोलली नव्हती. स्वयंपाक करायची, वाढायची, स्वतः आमटी-भात खाऊन उठायची.

तोपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले होते. मार्केट बंद. ॲप उघडलं, दहा मिनिटांत डिलिव्हरीवालं. लाल भोपळा, कापलेला, २५० ग्रॅम: 'नोटिफाय मी'. दुसऱ्या ॲपवर भोपळ्याच्या बिया होत्या, भाजलेल्या, रोस्टेड अँड सॉल्टेड, दोनशे रुपये. भोपळा नव्हता.

आम्ही दोघींनी एकाच वेळी दिवाणाकडे पाहिलं.

'उद्या सकाळी खालच्या सिक्युरिटीवाल्याला...' आई म्हणाली.

'उद्या सकाळी सात पंचवीसची गाडी आहे माझी.'

'मग इडली ने.'

'आई, हा पण नासेल.'

हे मला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं. आई काही बोलली नाही. मग मी, उगीच त्या शांततेत भर म्हणून, बडबडायला लागले. की हा नियम कोहळ्याचा आहे, पांढऱ्या कोहळ्याचा. तो मूळचा आपल्या बाजूचा. हा लाल भोपळा तर मुळात अमेरिकेचा. मिरची, काजू, अननस आले तसाच तोही पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. चार-पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हा भोपळाच नव्हता, तर तो कुणी कापायचा याचा नियम कुठून असणार? कुणीतरी कोहळ्याचा नियम उचलून याला चिकटवला. माझ्या ऑफिसातली नागपूरची मुलगी तर लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणते, तेव्हा गोंधळ झाला असणं अगदी...

'कापणार आहेस की लेक्चर देणार आहेस?' आई म्हणाली.

स्टूल आणून तिने स्वतः माळ्यावरून कोयता काढला. पेपरात गुंडाळलेला होता. पेपरवरची तारीख मी पाहिली, तिने पाहिली की नाही माहीत नाही. कोयत्याला गंज चढला होता, तो तिने राखेने, म्हणजे आता राख कुठली, भांड्यांच्या पावडरीने घासून काढला आणि पुसून माझ्या हातात दिला. फरशीवर जुना पेपर अंथरला.

'तू पहिला घाल,' ती म्हणाली, 'मग मी बघते.'

मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. म्हणजे एका घावात भोपळा चिरला वगैरे नाही. माझा पहिला घाव सालीवरून घसरला आणि फरशीचा टवका उडाला. तो अजून आहे, सोफा सरकवून झाकलाय. दुसऱ्या घावाला कोयता दोन इंच आत गेला आणि तिथेच अडकला. मी ओढतेय, भोपळा कोयत्यासकट उचलला जातोय. सहा किलो. शेवटी आई भोपळा गुडघ्यांत धरून बसली आणि मी कोयता हलवून-हलवून सोडवला. आम्हाला हसू आवरेना. 'बाबा कसे एका घावात करायचे गं?' मी धापा टाकत विचारलं.

'देठापाशी आधी सुरीने टोचून ठेवायची मी. त्यांनी यायच्या आधी.'

मी बघतच राहिले.

'त्यांना माहीत होतं?'

'नसेल माहीत. असेलही.' एवढं म्हणून तिने देठापाशी सुरीचं टोक खुपसलं, एकदा फिरवलं आणि मला म्हणाली, 'हं, आता घाल.' भोपळा टक्‌ करून उकलला. आतून इतका गडद केशरी, की मार्केटमधल्या फोडीचा झेंडूही फिका पडावा. बिया जाडजूड, पांढऱ्याशुभ्र.

आपल्या भाषेत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात. त्या रात्री साडेदहानंतर आमच्या घरात विळी, कोयता, किसणी, सुऱ्या आणि भोपळा यांचं जे काही चाललं होतं, त्यात पुढचे दोन तास आईने मला कुठल्याही हत्याराला हात लावू दिला नाही. पहिला घाव झाला होता. पुढचं काम तिचं होतं.

अक्रोडांचं राहिलंच. ते मी तुर्भ्याला, एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून शनिवारीच आणले होते, काश्मिरी. दुकानात चिलीचे आणि कॅलिफोर्नियाचेही होते, रंगाने उजळ, एकसारखे, फोटोत छान दिसणारे. काश्मिरी जरा काळपट असतात पण मला त्यांचीच चव भावते. खरं तर घरात एक डबा अक्रोड होते. सालासकट, बाबांनी मस्जिद बंदरहून आणलेले. बाबा रोज सकाळी बेडरूमच्या दाराच्या फटीत अक्रोड धरून दार हळूच ओढायचे, त्या चौकटीला बिजागरीपाशी अजून खळगे आहेत. एक फोडून बघितला. खवट. अक्रोडातलं तेल हवेने लवकर बिघडतं. सोललेला असेल तर पनवेलच्या दमट हवेत महिन्या-दीड महिन्यात चव बदलते, म्हणून सोललेले अक्रोड हवाबंद डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये. सालासकट जास्त टिकतात, पण तीन वर्षं नाही टिकत. तो डबा मी होता तिथे ठेवून दिला.

आता कृती, कारण ऑफिसात चौघींनी मागितली आणि व्हॉट्सॲपवर लिहायचा मला कंटाळा आलाय. अर्धा किलो भोपळा साल काढून किसा. कढईत चमचाभर तुपावर मध्यम आचेवर परता, झाकण न ठेवता. पंधरा-वीस मिनिटांत तो कढईच्या कडा सोडतो आणि गोळा व्हायला लागतो. तो गार झाल्यावर साधारण २०० ग्रॅम भरायला हवा; जास्त भरला तर पाणी आहे, परत कढईत. दोन अंडी, १०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम चिरलेला गूळ एकत्र फेटा, गूळ विरघळेपर्यंत. मग १०० मिली तेल, वास नसलेलं. त्यात भोपळा. दुसऱ्या भांड्यात १८० ग्रॅम मैदा (मी साठ ग्रॅम कणीक घालते, अक्रोडाला ती शोभते), एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, एक चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ, थोडी सुंठ. हे दोनदा चाळून ओल्या मिश्रणात हलक्या हाताने मिसळा. पीठ दिसेनासं झालं की थांबा; घोटत बसलात तर केक चिवट होतो. मूठ-दीड मूठ, म्हणजे ८० ग्रॅम अक्रोड आधी मंद ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं भाजून, गार करून, हाताने मोडून घाला. भाजल्याने सालीचा कडवटपणा कमी होतो. सुरीने बारीक चिरू नका, दाताखाली आले पाहिजेत. सात-आठ इंचाच्या भांड्याला तूप-पीठ लावून, आधीच तापवलेल्या ओटीजीमध्ये १७० अंशांवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. पहिली अर्धा तास दार उघडायचं नाही. फोटो नंतर काढा. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी अर्धी वाटी घट्ट दही. सोड्याला आंबट मिळतं आणि काम भागतं, केक जरा जड होतो इतकंच.

हे सगळं आटोपून केक बाहेर आला तेव्हा साडेबारा झाले होते. आईने सुरी खुपसून बघितली, कोरडी निघाली. केक गार व्हायला ठेवला आणि ती म्हणाली, 'कड काप.' मी म्हटलं, उद्या न्यायचाय, अख्खा दिसला पाहिजे. 'कुणाला कळतंय?' असं म्हणून तिने स्वतःच एक तुकडा कापला. उभ्याउभ्या, ओट्यापाशी खाल्ला. मग दुसरा. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या त्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, पण त्यात मला नेहमी वाघ-कोल्हेच आठवायचे. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की ती म्हातारी लेकीकडे मुळात चार घास नीट जेवायला गेलेली असते.

'बरा झालाय,' आई म्हणाली. 'वेलदोडा घालायला हवा होतास. दालचिनीने बिर्याणीची आठवण येते.'

पॉटलकला केक कडेचा एक तुकडा नसलेला गेला. मी सांगितलं, डिझाइन आहे. रेड वेल्वेट आधी संपला, खोटं कशाला बोलू. पण नागपूरच्या मुलीने माझ्या केकचे तीन तुकडे खाल्ले आणि डब्यात एक घेतला. 'कोहळ्याचा एवढा चांगला लागतो?' म्हणाली. टीम लीडने पेपर प्लेट्स कमी आणल्या होत्या.

संध्याकाळी घरी आले, तर बाल्कनीत पेपरवर भोपळ्याच्या बिया वाळत होत्या. बिल्डिंगमध्ये चार घरी फोडी गेल्या होत्या. कढईत घारग्यांचा भोपळा आटत होता, आई एका हाताने तो हलवत होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला. काका होते.

'हो, हो, मिळाला होता. छान निघाला, अगदी केशरी. काल कापला.'

तिकडून काहीतरी विचारलं असावं.

'कुणी म्हणजे?' आई म्हणाली. 'आम्हीच. पुढच्या वेळी जरा लहान पाठवा हो, हा फार जड होता.'